अपोरोसाच्या पायाचा ठसा

अपोरोसाच्या घरात समोरच्या भिंतीवर तीन तसबिरी आहेत. एक त्याच्या लग्नाची, तीत तो उसन्या बुटांत अवघडून उभा आहे. दुसरी चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींची, तीत तो शेवटच्या रांगेत तोंड वासून दिसतो. तिसऱ्या तसबिरीत माणूस नाहीच, नुसता पाय आहे. काळ्या शाईत उमटवलेला डावा पाय, टाचेपासून बोटांपर्यंत सगळा भरलेला. धडधाकट माणसाचा ओला पाय जमिनीवर उमटला तर आतल्या बाजूला मध्ये थोडी जागा कोरडी राहते. अपोरोसाच्या ठशात ती जागा नव्हती. हा ठसा आमच्या गावात मोठ्या मानाने टांगला गेला आणि खिळा मी ठोकला. तेव्हा मी हसत होतो, हे आधीच सांगून टाकतो.

मी नेमानी. बेंगा बेटावरच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स आहे. पुरुष नर्स म्हटल्यावर लोकांना हसू येतं, येऊ दे. माझी आई या गावची. लग्न होऊन ती समोरच्या मोठ्या बेटावर नावुआला गेली आणि मी नोकरीच्या निमित्ताने मामाच्या गावाला परत आलो. अपोरोसा माझा मामेभाऊ. आमच्याकडे आतेमामेभावांनी एकमेकांची थट्टा करायची असते. चालते असं नाही, करावीच लागते. दोघं भेटले आणि सरळ बोलले तर लोक विचारतात, भांडलात की काय? मयताच्या घरीसुद्धा यातून सूट नाही. उलट त्या भावाची बायको आमच्या नात्यात बहिणीच्या जागी. तिची थट्टा तर नाहीच, तिच्याशी समोरासमोर बसून बोलायचंही नाही. तिच्या पुढून जायचं तर वाकून जायचं, काही विचारायचं तर तिसऱ्या कुणाच्या तोंडून विचारायचं. अपोरोसाच्या बायकोशी, मेरेवाईशी, इतक्या वर्षांत मी दहा-वीस वाक्यं बोललो असेन. ती औषधाला आली की माझी बायको मध्ये बसायची आणि तिचं दुखणं मला सांगायची, जणू मी बहिराच आहे.

अपोरोसा अंगाने आडवा आणि आवाजाने त्याहून आडवा. कसावा लावायचा, जाळं टाकायचा, रविवारी चर्चमध्ये असा खर्ज लावायचा की पुढच्या बाकावरची पोरं मागे वळून बघायची. जन्मात त्याने पायात काही घातलं नाही. लग्नाचे बूटसुद्धा फोटो काढून होताच हातात घेऊन तो अनवाणी घरी आला. आणि सतराव्या वर्षापासून तो तापलेल्या दगडांवरून चालायचा.

हे आमच्या गावाला पूर्वजांनी दिलेलं देणं आहे. चिखलातून ओढून काढलेल्या एका देवाला आमच्या पूर्वजाने जीवदान दिलं आणि देवाने बदल्यात आगीवर सत्ता दिली, असं आम्ही मानतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. सुई टोचायला शिकलो म्हणून आईचं गाव सुटत नाही. खड्ड्यात लाकडं पेटवायची, वर दगड दिवसभर तापवायचे, मग बेते, म्हणजे आमचा पुजारी, खूण करतो आणि पुरुष रांगेने दगडांवर उतरतात. पूर्वी हे मोठ्या कार्यालाच व्हायचं. आता दोन-तीन महिन्यांतून एकदा पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात पाहुण्यांसमोरही होतं.

चालण्याआधी दहा दिवस नारळ तोंडात घालायचा नाही आणि बायकोजवळ जायचं नाही. नारळ बंद म्हणजे आमचा निम्मा स्वयंपाक बंद, कारण मासे काय, पाला काय, सगळं नारळाच्या दुधातच शिजतं. चालणारे पुरुष ते दहा दिवस वेगळ्या घरात एकत्र राहतात. नियम पाळला तर दगड भाजत नाहीत. भाजलं तर नियम मोडला. भाजलेल्याला कुणी 'दुखतंय का' विचारत नाही, 'काय खाल्लंस' विचारतात, आणि मग वळून त्याच्या बायकोकडे बघतात.

मेरेवाईने तीस वर्षांत कुणाला तसं बघायची वेळ येऊ दिली नाही. ते दिवस जवळ आले की ती घरातले नारळ गोळा करून बहिणीकडे पोचवायची. खवणीसुद्धा. नवरा वेगळ्या घरात झोपतो, स्वयंपाक तिच्या एकटीपुरता, तरी ती स्वतःही नारळ खायची नाही. बायका म्हणायच्या, "अगं, नियम पुरुषांना आहे, तू कशाला कोरडं गिळतेस?" ती म्हणायची, "हातांना वास राहतो." एवढंच.

आता ठशाचं सांगतो. सुव्याहून, म्हणजे राजधानीच्या शहरातून, डॉक्टर रेश्मी सामी आल्या. जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसांचे पाय कसे असतात, हाडं कशी बसतात, बोटं किती फाकतात, तळव्याची कातडी किती जाड होते, याचा त्या अभ्यास करत होत्या. आगीवर चालणाऱ्यांचे पाय तर त्यांना हवेच होते. बाई रीतीच्या पक्क्या. आल्या आल्या त्यांनी यंगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवून परवानगी मागितली. आमच्याकडे ती मुळी पुढे ठेवून बोललेला शब्द खरा धरतात, त्याला कुणी हसत नाही.

सभागृहात चटयांवर सगळे चालणारे बसले. आधी ठसे घेतले. डॉक्टरबाई एकेकाच्या तळव्याला शाई लावत आणि कागदावर पाय टेकवायला सांगत. अपोरोसाचा डावा ठसा उचलून त्या उजेडाकडे घेऊन गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हा पाय पहिल्यापासून असाच आहे?"

"देवाने दिला तसाच आहे, बाई," अपोरोसा म्हणाला. "बघा, कसा सगळा जमिनीला टेकतो. त्या नेमानीचा बघा एकदा, मध्येच जमिनीला घाबरतो."

"माझा पाय जमिनीला घाबरत नाही," मी म्हणालो. "तुझा पाय तुझ्या पोटाला घाबरून आडवा झालाय."

सगळे हसले. मग बाईंनी एक दांडी काढली, तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसा दोरा. डोळे मिटून बसायचं, दोरा तळव्याला टेकला की 'हो' म्हणायचं, एका पायाला दहा जागा. पहिल्या तिघांनी दहाच्या दहा वेळा 'हो' म्हटलं. मग अपोरोसा बसला. बाईंनी एक जागा टेकवली. दुसरी. टाच, अंगठा, चवडा. अपोरोसा गप्प. डावा पाय संपला, उजवा संपला. तेव्हा त्याने एक डोळा उघडला.

"बाई, सुरू कधी करणार?"

सभागृह नुसतं उसळलं. लोकांनी चटया बडवल्या, कुणी ओरडलं, "बघा, याला म्हणतात देणं!" ज्या तिघांनी 'हो' म्हटलं होतं त्यांचे चेहरे उतरले, परीक्षेत नापास झाल्यासारखे. आणि त्यानंतर बसलेल्या एकाही पठ्ठ्याने 'हो' म्हटलं नाही. एकाला तर इतक्या गुदगुल्या होत होत्या की ओठ दाताखाली धरून तो लाल झाला, पण बोलला नाही. बाईंनी शेवटी पेन खाली ठेवलं. मी हसून हसून डोळे पुसत होतो.

म्हातारा बेते ओसेआ कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "चालणाऱ्याला कळायला पाहिजे. कळलं नाही तर कुठला दगड आपला आणि कुठला नाही, हे पायाला कोण सांगणार?" त्या गोंधळात त्याचं कुणी ऐकलं नाही.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर विलायती फणसाच्या झाडाखाली नेलं. "नेमानी, बाकीचे खोटं बोलतायत. दोरा टेकला की त्यांची बोटं आखडतात, मला दिसतं ते. खरं बोलतोय तो फक्त अपोरोसा."

माझं हसू तिथेच आटलं.

"कमान पार बसलीय. मधली हाडं जागची हलली आहेत, आणि तो त्यावर चालतोय, कारण दुखतच नाही. बहुतेक साखरेने पाय बधिर झालेत. ती तपासा, आजच्या आज. आणि काहीही झालं तरी त्याला त्या दगडांवर जाऊ देऊ नका."

त्यांनी त्यालाही सांगितलं. त्याने हात जोडून "हो बाई" म्हटलं. पाहुण्याला आम्ही कधी नाही म्हणत नाही, आणि त्या 'हो'चा अर्थ काही होत नाही. वारा चढायच्या आत बाईंची होडी गेली. जाण्याआधी त्याने हट्टाने ठशाची एक प्रत मागून घेतली आणि ती त्याच दिवशी भिंतीवर चढली; सगळे हसत होते, म्हणून खिळा ठोकताना मीही हसलो.

पुढचं चालणं अठरा दिवसांवर होतं, म्हणजे दहा दिवसांचा नियम सुरू व्हायला आठ दिवस होते. आठ दिवस थोडे नाहीत.

त्याच दिवशी संध्याकाळी यंगोनाची मुळी पाण्यात कालवून प्यायला परातीभोवती आम्ही बसलो असताना मी म्हटलं, "अपोरोसा, तुला साखर झालीय."

"मी आहेच गोड. तुला काय झालंय, मिरची?"

"पाय सडेल, गाढवा."

"सडला तर तूच घेऊन जा. तू बहिणीचा मुलगा ना? मामाच्या गावातलं वाटेल ते उचलायचा हक्क आहे तुझा. कोंबड्या नेल्यास, जाळं नेलंस. आता पाय ने!"

लोक हसून लोळले. आणि मी काय केलं? मीही हसलो. म्हणालो, "असला चिवट पाय फुकट दिला तरी कोण नेणार?"

दोन दिवसांनी रक्त तपासायची सुई घेऊन मी त्याच्या कसाव्याच्या मळ्यात गेलो. तो म्हणाला, "आधी तू दगडांवर चाल, मग मी बोट पुढे करतो." मी त्याला चार शिव्या दिल्या, त्याने मला सहा दिल्या आणि वर एक कसावा दिला. आमच्यात खरं बोलायची वाटच नव्हती. मी जे म्हणेन ते थट्टेतच जाणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

वाट एक होती. यंगोनाची मुळी घेऊन बेते ओसेआपुढे बसायचं आणि मान खाली घालून सांगायचं. मग कुणी हसलं नसतं. मुळी माझ्या घरात होती. पण मी गेलो नाही. सगळ्या गावाने ज्याला देणं म्हणून डोक्यावर घेतलं, त्याला चार दिवसांत मी रोग कसा म्हणू? लोक म्हणाले असते, शिकलेला भाचा आला आणि मामाच्या देवाला नावं ठेवायला लागला. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं म्हणता म्हणता आठवा दिवस उजाडला आणि पुरुष वेगळ्या घरात गेले. तिथे न चालणाऱ्याने पाऊल टाकायचं नसतं. मी मनाशी म्हटलं, परत आला की बघू, दहा दिवसांनी काय बिघडतंय. हे मी म्हटलं, मी, एकोणीस वर्षं नर्स असलेला माणूस.

मेरेवाईला सांगावं, हे तर माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

हॉटेलात नेहमीप्रमाणे मी मलमपट्टीची पेटी घेऊन गेलो होतो. दगड तापले होते. पुरुष उतरले, गोल फिरले, मध्ये उभे राहिले. चालणाऱ्याचा पाय कधी स्वस्थ नसतो. या दगडावरून त्या दगडावर तो सारखा जागा शोधत असतो, ते लांबून कळत नाही, पण मी कितीतरी चालणी पाहिली आहेत. बाकीचे तसेच हलत होते. अपोरोसा हलला नाही. त्याचा डावा पाय दोन दगडांच्या फटीत टेकला होता आणि फटीत खाली निखारा होता. टाचेपाशी बारीक धूर निघाला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. अपोरोसाचं जळत होतं आणि तो पाहुण्यांकडे बघून हात हलवत होता. मी ओरडलो, पण टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "पाय दाखव."

"तुला पाय दाखवायला मी काय नाचणारी आहे?"

पण परतीच्या होडीत त्याच्या पायांत रबरी चपला होत्या, कुणाच्या तरी मागून घेतलेल्या. अपोरोसाच्या पायांत चपला! मी बघतोय हे बघून त्याने पायांवर पोतं ओढलं.

सहा दिवस तो मला चुकवत राहिला. मोजे घालून हिंडायचा, सर्दी झालीय म्हणायचा. घरी गेलो की मागच्या दाराने मळ्यात पसार. रविवारी चर्चमध्ये बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, की लाकडी जमिनीखाली उंदीर मेलाय. तो वास मला माहीत होता. गाणं संपताच मी मागच्या रांगेत गेलो आणि त्याचा दंड धरला.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय रे, थट्टा संपली वाटतं तुझी?"

"संपली. चल."

दवाखान्यात मी मोजा कापून काढला. टाचेपासून अर्ध्या तळव्यापर्यंत कातडी उरली नव्हती, मांस काळं पडलं होतं आणि एका ठिकाणी पांढरं दिसत होतं ते हाड होतं. मी साफ करत असताना तो खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याला काहीच लागत नव्हतं. साखर मोजायच्या यंत्राने आकडा दाखवलाच नाही, इतकी ती यंत्राच्या पलीकडे गेली होती. मग मी त्याला सगळं सांगितलं, सरळ, एकही टोमणा न मारता.

"म्हणजे त्या दिवशी, दोऱ्याच्या वेळी, सगळे ओरडले ते..."

"हो."

"कधीपासून आहे हे?"

"दोन-तीन वर्षं असेल."

"एवढ्यात मी किती वेळा चाललो रे? दहा-बारा वेळा. ते देवाचं नव्हतं?"

"देवाचंच होतं. तेव्हा भाजलास का?"

"तुला काय माहीत," तो म्हणाला. "मला कुठे माहीत होतं." आणि मग, "गावात सांगू नकोस."

"वेडा आहेस का? नाही सांगितलं तर नियम मोडलास म्हणतील."

"म्हणू देत. तू रोग म्हणालास की उद्या हॉटेलवाले म्हणतील, या सगळ्यांचेच पाय बधिर, म्हणून चालतात. पूर्वजांचं देणं माझ्या एका पायापायी हसण्यावारी जाईल. मी मोडला म्हटलं तर माझं एकट्याचं नाव जातं."

"आणि मेरेवाई? लोक तिच्याकडे बघतील."

"नारळ खाल्ला म्हणेन. मळ्यात, चोरून. मग तिच्यावर कसं येईल?" त्याने माझा हात धरला. "नेमानी, तुझ्याकडे आजवर मी सरळ काही मागितलं नाही. हे मागतो."

मी कबूल झालो. आजही वाटतं, तेव्हा त्याच्या एक थोबाडीत द्यायला हवी होती आणि सभेत उभं राहून खरं बोलायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी थट्टेवाचून बोलला होता, त्याला नाही कसं म्हणणार?

इस्पितळात न्यायची होडी तयार होईपर्यंत त्याला बेते ओसेआपुढे बसवलं. त्याने यंगोनाची मुळी पुढे ठेवली आणि म्हणाला, "मी नारळ खाल्ला. दहा दिवसांत, मळ्यात जाऊन." मागून कुणीतरी पुटपुटलं, "खाई त्याला खवखवे." बेतेने मुळीला हात लावला, माफी दिली. मग तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी चटईकडे.

मेरेवाई दाराशी बायकांत बसली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. अपोरोसाला जे हवं होतं ते झालं. पण मी बघितलं. तिने मान वर केली आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. तीस वर्षं ती घरातली खवणी उचलून नेत होती, आणि याने मळ्यात बसून नारळ फोडला होता. तिने त्याबद्दल त्याला एक शब्द विचारला नाही. आवराआवर केली आणि त्याच्यासोबत होडीत बसली.

सुव्याच्या इस्पितळात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. कापलेला पाय आमच्याकडे घरचे गावी नेऊन पुरतात. तो मी घेऊन आलो. कापडात गुंडाळून खोक्यात ठेवलेला, होडीत माझ्या मांडीवर. माणसाचा पाय किती जड असतो, हे मला तेव्हा कळलं. 'आता पाय ने' म्हणाला होता, ते सारखं कानात वाजत होतं. समुद्र शांत होता आणि होडीवाला काही विचारत नव्हता, आणि मी ढसाढसा रडलो. त्याच्या कसाव्याच्या मळ्याच्या कडेला मी खड्डा खणला आणि पुरला.

महिन्याभराने तो घरी आला. मला बघून म्हणाला, "चला, आता बूट घ्यायचा झाला तर एकच." माझी पाळी होती. काहीतरी तिखट बोलायला हवं होतं, सगळे वाट बघत होते. मला काही सुचलं नाही. तो म्हणाला, "नेमानी म्हातारा झाला," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्यानंतर त्याचा खर्ज कुणी ऐकला नाही. दुसरा पाय पावसाळ्यात बिघडला, ताप चढला, आणि पाचव्या महिन्यात तो गेला.

डॉक्टर सामी पुन्हा आल्या होत्या. या वेळी बेते ओसेआ सगळ्यांच्या पुढे बसला आणि म्हणाला, "कळतं ते सांगा. जो कळलेलं लपवील त्याने दगडांवर पाय ठेवायचा नाही." सगळ्यांनी 'हो, हो' म्हटलं. दोघांच्या पायांत बधिरपणाची नुकती सुरुवात सापडली, ते आता गोळ्या घेतात. चालणं चालू आहे. देणं आगीवरचं होतं, पायातल्या बधिरपणाचं नव्हतं, हे म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मयताला शंभर दिवस झाले की आमच्याकडे सुतक फिटतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मेरेवाई दवाखान्यात आली. एकटी. मी माझ्या बायकोला हाक मारायला उठलो, तर ती म्हणाली, "राहू दे, दादा. बसा." आणि माझ्या समोर बसली. मला कुठे बघावं कळेना.

"एकच विचारते. त्यांनी खरंच नारळ खाल्ला?"

मी शब्द दिला होता. मेलेल्या माणसाला दिलेला. मी टेबलावरचा कापूस उगाच इकडचा तिकडे केला.

"त्या वेळी माझ्या डोळ्यांत बघायचे नाहीत ते," ती म्हणाली. "मी इस्पितळात सगळं केलं, पण मनात हेच. एवढं काय कोरडं झालं होतं, की दहा दिवस धीर निघाला नाही?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "नाही खाल्ला."

मग मी सगळं सांगितलं. दोरा, ठसा, हाडं, साखर, त्याने काय मागितलं आणि मी काय कबूल केलं. मी आठ दिवस कसे घालवले तेही. ती ऐकत होती. रागावली नाही, रडली नाही.

"म्हणजे दोन-तीन वर्षं त्यांना पायाला काही लागतच नव्हतं?"

"नाही."

ती आपल्या हातांकडे बघायला लागली. "एरवी संध्याकाळी तेल लावून मी त्यांचे पाय दाबायचे. लग्न झाल्यापासून. मग मागे एकदा म्हणाले, जोरात दाब. मी जोर लावला. रोज म्हणायचे, अगं, काहीच लागत नाही, अजून जोरात. मला वाटलं, माझं वय झालं, हातांत काही राहिलं नाही. लाज वाटायची मला. मग मी दाबायचंच सोडून दिलं. त्यांनीही परत म्हटलं नाही. विचारायचं मनात यायचं. पण तुम्हाला कसं विचारणार?"

तिने एकदा, कुणाच्याही कानावर, हे एवढं वाक्य घातलं असतं तर! ते ऐकून रोग ओळखेल असा या गावात मी एकटाच होतो, आणि मी तिच्या पुढून एकोणीस वर्षं वाकून जात होतो.

"म्हणजे माझ्या हातांत जोर होता, दादा?"

"होता, ताई."

तिला ते पटलं नसावं. तिने टेबलावरचा माझा हात ओढून घेतला, जे आमच्यात कधी कुणी करत नाही, आणि अंगठा माझ्या तळहातात रुतवून दाबला. कळ कोपरापर्यंत गेली.

"लागतंय?"

"हो," मी म्हणालो. "हो, लागतंय."